भाषा शिकविणाऱ्याने भाषेच्या गावी जावे

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादे मूल शाळेत फ्रेंच, जर्मन किंवा जपानी शिकत असेल. प्रगतिपुस्तकातील त्या विषयाचे गुण पाहून आपणांस समाधानही वाटत असेल, कारण ह्या विषयांत गुण सहसा भरघोस मिळतात. परंतु त्याच मुलाची त्या देशाच्या एखाद्या पाहुण्याशी गाठ पडली, आणि पाहुण्याने त्याला नाव-गाव विचारले, तर तो खाली मान घालतो. क्रियापदाची रूपे त्याला पाठ असतात. वाक्य मात्र ओठांवर येत नाही. चार-पाच वर्षे शिकलेली भाषा अशी मुकी का राहावी, हा प्रश्न एका शिक्षिकेच्या नात्याने मला नेहमीच अस्वस्थ करीत आला आहे. आज त्याविषयी आपल्याशी चार शब्द बोलावेत, असा माझा हेतू आहे.

दिल्लीसारख्या शहरात तर ह्या स्थितीचे अधिकच आश्चर्य वाटते. येथे कस्तुरबा गांधी मार्गावर मॅक्स म्यूलर भवन आहे, लोदी इस्टेटमध्ये आलियाँस फ्रान्सेज आहे. हनुमान रोडवर स्पॅनिश भाषेची सेर्व्हांतेस संस्था, फिरोजशाह मार्गावर रशियन केंद्र आणि लजपतनगरात जपान फाउंडेशन आहे. १४ नोव्हेंबर १९६५ रोजी ह्याच शहरात रशियन अध्ययनाची स्वतंत्र संस्था निघाली आणि पुढे ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. एवढी भाषांची दारे इतक्या थोड्या अंतरावर उघडी असणारी शहरे आपल्या देशात फार नाहीत. तरीही ह्या संस्थांच्या वर्गांत जे चैतन्य दिसते, ते दिल्लीच्या, नोएडाच्या किंवा फरीदाबादच्या सामान्य शाळांत क्वचितच पोहोचते. ह्याचे कारण मुलांच्या बुद्धीत नाही, पाठ्यपुस्तकातही नाही. आपण शिक्षकाला कसे घडवितो, ह्यात ते आहे.

माझे माहेर साताऱ्याकडचे. जर्मन मी पुण्यास, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. त्या वास्तूविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. शाळेत संस्कृत शिकताना 'देवः देवौ देवाः' हे जसे एका सुरात म्हटले होते, तसेच पुढे जर्मनमधले 'डेर, दी, दास' म्हटले. भाषांतर करावे, नियम सांगावा, अपवाद पाठ करावेत, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. ह्या रीतीने व्याकरणाचा पाया पक्का होतो, हे मी अनुभवाने सांगू शकते. लग्नानंतर दिल्लीस आले आणि एका खाजगी शाळेत जर्मन शिकवू लागले, तेव्हा तोपर्यंत मी जर्मन माणसाचे जर्मन फारसे ऐकलेलेच नव्हते. माझ्या पिढीतील बहुतेक शिक्षकांची हीच अवस्था होती. विहीर पाहिली होती, पोहण्याचे शास्त्र वाचले होते. पाण्यात उतरण्याचा योग आला नव्हता.

येथे कोणी विचारील, की भाषेसाठी त्या देशात जायलाच हवे काय? प्रश्न रास्त आहे. ज्या पंडिताचे नाव कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्या भवनाला दिले आहे, त्या मॅक्स म्यूलरने १८४९ ते १८७४ ह्या काळात सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड संपादित केले; आणि भारतात मात्र तो जन्मात एकदाही आला नाही. परंतु त्याला ग्रंथ वाचावयाचे होते; बारा वर्षांच्या मुलांना बोलते करावयाचे नव्हते. ग्रंथ वाट पाहतो, शब्दकोश उघडेपर्यंत थांबतो. समोरचा माणूस थांबत नाही. शाळेत आपण आता मुलांकडून संभाषणाची अपेक्षा करतो, आणि ज्याने संभाषण केलेले नाही त्याच्याकडून ते शिकविण्याची अपेक्षा करतो. हा न्याय नव्हे.

हे जर्मनांनी फार लवकर ओळखले होते. १९५१ साली गटे इन्स्टिट्यूटची स्थापना झाली, तेव्हा तिच्याकडे सोपविलेले पहिले काम परदेशांतील जर्मन-शिक्षकांना जर्मनीत बोलावून प्रशिक्षण देण्याचे होते. विद्यार्थ्यांचे वर्ग त्यानंतर, १९५३ साली, बाड रायखेनहाल ह्या छोट्या गावी सुरू झाले. आधी शिक्षक, मग विद्यार्थी, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. युद्धात होरपळलेल्या देशाने, स्वतःच्याच घरांची डागडुजी चालू असताना, परदेशच्या शिक्षकांसाठी पैसा बाजूला काढला.

शिकवावयास लागून बऱ्याच वर्षांनी मलाही असा योग आला. दक्षिण जर्मनीतील एका गावी तीन आठवड्यांचे शिक्षकांचे शिबिर होते. सेनेगल, व्हिएतनाम, ब्राझील, जॉर्जिया असे नाना देशांचे शिक्षक जमले होते. पहिल्या सकाळी पावाच्या दुकानात गेले. पैसे देऊ लागताच दुकानदारीण म्हणाली, 'दार्फ्स नॉख एट्वास झाइन?' म्हणजे, 'आणखी काही हवे का?' इतके साधे वाक्य. पण माझ्या कोणत्याही पुस्तकात ते ह्या रूपात नव्हते. ते शब्द एकमेकांना चिकटून आले आणि कानावरून निघून गेले. त्या तीन आठवड्यांत रेल्वेतील घोषणा, शेजाऱ्याचे अभिवादन, दवाखान्यातला फॉर्म, बाजारातली घासाघीस नसलेली खरेदी ह्या सर्वांतून भाषा ऐकू आली. तिला चेहरा मिळाला.

तथापि शिबिराचा खरा लाभ ह्याहून निराळा होता. एके दिवशी आम्हांला सांगण्यात आले, की प्रत्येकाने आपली मातृभाषा इतरांना पाऊण तास शिकवावी. अट एवढीच, की भाषांतर करावयाचे नाही. मी मराठीचा पाठ घेतला. जेवणघरातून दोन केळी मागून आणली. एक हातात धरून म्हटले, 'हे केळे.' दोन धरून म्हटले, 'ही केळी.' माझे ते विद्वान विद्यार्थी 'केले' म्हणत, 'केरे' म्हणत, घामाघूम होत. 'ळ' काही केल्या जमेना. दहा-दहा वर्षे शिकविलेली ती माणसे लहान मुलांसारखी लाजत होती. नंतर व्हिएतनामच्या बाईंनी त्यांची भाषा शिकविली, तेव्हा लाजण्याची पाळी माझ्यावर आली. एकच अक्षर सुराच्या चढउताराने निराळा अर्थ देते, आणि मला दोन सुरांतला भेद ऐकूच येत नव्हता. जर्मनमधला ओठांचा चंबू करून म्हणावयाचा तो 'यू' माझ्या वर्गातील मुलांना का जमत नाही, हे त्या पाऊण तासात समजले. शिक्षकाला पुन्हा विद्यार्थी व्हावयास लावणे, हे परदेशातील प्रशिक्षणाचे सर्वांत मोठे देणे आहे. आपल्या शाळेत, आपल्या खुर्चीवर बसून ते मिळत नाही.

आणखी एक गोष्ट तेथे ध्यानात आली, आणि ती आपणां मराठी माणसांना विशेष गोड वाटेल. दिल्लीत जर्मन सामान्यतः इंग्रजीच्या माध्यमातून शिकविले जाते. इंग्रजीत नामाला व्याकरणाचे लिंग नाही, हिंदीत दोनच लिंगे आहेत; म्हणून जर्मनची तीन लिंगे मुलांना जुलूम वाटतात. मराठीला मात्र 'तो, ती, ते' हे जन्मापासून ठाऊक आहे. 'डू' आणि 'झी' ह्यांतला फरक इंग्रजीतून सांगावयास पंधरा मिनिटे लागतात. 'तू' आणि 'आपण' म्हटले, की पंजाबी, बंगाली, हिंदी भाषिक कोणतेही मूल क्षणात समजते. जर्मनच्या गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, तसे आपल्या भाषांत ते शेवटीच असते. म्हणजे ज्या घरच्या भाषा आपण वर्गाबाहेर ठेवीत होतो, त्याच परभाषेकडे जाणारी जवळची वाट होत्या. स्वतःच्या भाषेचे हे मोल परदेशी जाऊन कळावे, ही गंमतच म्हणावयाची.

परत आल्यावर वर्गात काय बदलले, ते सांगते. जे पाहिले ते जसेच्या तसे आणता येत नाही. तेथे वर्गात वीस-बावीस मुले; येथे पंचेचाळीस. तेथे बाके हलविता येतात. येथे ती जमिनीला खिळलेली. आठवड्यास पस्तीस मिनिटांच्या तीन तासिका, आणि वर्षात साधारण छत्तीस आठवडे, म्हणजे सारे मिळून त्रेसष्ट तास. युरोपात २००१ सालापासून भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानल्या जातात. त्यांतील पहिलीच चढावयास पंचेचाळीस मिनिटांच्या निदान ऐंशी तासिका लागतात, आणि पुष्कळांना त्याहून कितीतरी अधिक लागतात. आमचे वर्षभराचे त्रेसष्ट तास म्हणजे अशा चौऱ्याऐंशी तासिका. तेव्हा एकही मिनिट वाया घालविणे परवडत नाही. मी प्रत्येक तासिकेची पहिली दहा मिनिटे ऐकण्यासाठी राखली. मुले हलत नसतील तर बाकावरच्या शेजाऱ्याशी बोलावे, असे ठरविले. बोलताना झालेली चूक मध्येच अडवावयाची नाही, बोलणे संपल्यावर फळ्यावर दाखवावयाची, हा नियम केला. वर्षाअखेर मुले अस्खलित बोलू लागली, असे मी म्हणणार नाही. पण पाहुणा आला, तर मान खाली घालीनाशी झाली.

वाचकहो, येथवर वाचून आपणांस वाटेल, की मग शिक्षकांना विमानात बसवून पाठवून द्यावे, म्हणजे झाले! परंतु दिल्लीतच घडलेली एक गोष्ट आपणांस सावध करते. २०११ साली केंद्रीय विद्यालय संघटनेने गटे इन्स्टिट्यूटशी करार केला आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तिसरी भाषा म्हणून जर्मन घेण्याची मुभा मिळाली. सरकारी नोकरांची, सैनिकांची, सामान्य घरांतली मुले प्रथमच मोठ्या संख्येने जर्मन शिकू लागली. त्यांच्यासाठी शेकडो शिक्षक तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. ही तिसरी भाषा भारतीय असावी, असा दुसऱ्या बाजूचा आग्रह होता. संस्कृत शिक्षकांच्या संघटनेने न्यायालयाचे दारही ठोठावले होते. २०१४ च्या ऑक्टोबरअखेरीस, वर्ष निम्मे सरले असताना, तिसऱ्या भाषेच्या जागी जर्मन बंद करून संस्कृत घेण्याचा निर्णय झाला. सत्तर हजारांहून अधिक मुलांचा तो प्रश्न होता. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वर्षी त्या मुलांची संस्कृतची परीक्षा घेतली जाणार नाही, असे सरकारने डिसेंबरमध्ये सांगितले, तेव्हा घरोघरी थोडा निःश्वास टाकला गेला.

मी संस्कृत शिकले आहे, आणि संस्कृतचा अभिमान मला कोणी शिकवावयास नको. संस्कृत आणि जर्मन ह्यांना एकमेकींच्या उरावर बसवावे, हेच मला मान्य नाही. ज्या देशाने ऋग्वेद छापून काढणारा पंडित दिला, त्या देशाच्या भाषेचे आणि संस्कृतचे भांडण असण्याचे कारण नाही. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये दोन्ही देशांनी जाहीर केले, की भारतात जर्मनला परकीय भाषा म्हणून आणि जर्मनीत आधुनिक भारतीय भाषांना उत्तेजन द्यावे. हा तोडगा शहाणपणाचा होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन भाषांपैकी निदान दोन भारतीय असाव्यात असे म्हणतानाच, माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन ह्या भाषा शिकण्याची सोय असावी असे सांगितले आहे. मला बोलावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. भाषेचा शिक्षक घडावयास पाच-सात वर्षे लागतात. त्याची तासिका काढून टाकावयास एक बैठक पुरते. धोरण कोणतेही असो, ते वर्षाच्या मध्यावर बदलू नये. परदेशी जाऊन शिकून आलेल्या शिक्षकाला वर्गच उरला नाही, तर तो सारा खर्च पाण्यात जातो.

दुसरी शंका पैशाची आणि निष्ठेची. आमच्या शाळेत एक तरुण सहशिक्षिका आहे. तिला अशाच एका प्रशिक्षणाची संधी आली, तेव्हा व्यवस्थापनाने विचारले, 'ही परत येऊन गुरुग्रामच्या एखाद्या कंपनीत गेली तर?' प्रश्न पोकळ नव्हता. आधीची एक सहकारी प्रशिक्षण घेऊन आली, आणि आठ महिन्यांत दुप्पट पगारावर कंपनीत गेली. दिल्लीच्या आसपास परकीय भाषा जाणणाऱ्यांना मोठी मागणी आहे. शाळेचा पगार तिच्यापुढे टिकत नाही. मी एवढेच म्हटले, की गेलेली बाई प्रशिक्षणामुळे गेली नाही. तिची नेमणूक दर अकरा महिन्यांनी नव्याने होत होती, म्हणून गेली. ज्याला पुढच्या जूनची खात्री नाही, त्याच्याकडून दहा वर्षांची निष्ठा कशी मागावी? शेवटी ह्या मुलीला भरपगारी रजा मिळाली. ती जाऊन आली, आणि आज तिच्या वर्गाबाहेरून जाताना हसण्याबोलण्याचा आवाज येतो. तिची नेमणूक मात्र अजून अकरा महिन्यांचीच आहे.

परदेशी शिकून येणे आणि ते स्वदेशी रुजविणे, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकल्या आणि त्यांनी संस्कृत शिकविलेही. पुढे अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला, आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. विद्या आणली ती बरोबर संस्था घेऊन आली. हीच कसोटी आजही लावावी. युरोपात विद्यार्थ्यांसाठी १९८७ साली निघालेल्या इरॅस्मस योजनेतून आता शाळांतील शिक्षकही परदेशी शिकावयास जातात. त्यांच्यासाठी एक मार्मिक अट आहे: अर्ज शिक्षकाने एकट्याने करावयाचा नसतो, तो शाळेने करावयाचा असतो. परत आल्यावर शाळेत काय बदलणार, हे आधी लिहून द्यावे लागते. प्रवास एकाचा, पण संकल्प साऱ्या शाळेचा!

आणि सर्वांनाच परदेशी पाठविणे शक्य नाही, हेही उघड आहे. १९५८ साली हैदराबादेस इंग्रजीच्या शिक्षकांसाठी मध्यवर्ती संस्था निघाली, ती ह्याच जाणिवेने. २०१७ साली भारत आणि जपान ह्यांनी पाच वर्षांत शंभर उच्च शिक्षणसंस्थांत जपानीचे वर्ग उघडण्याचे आणि एक हजार शिक्षक तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि २०१८ च्या जुलैत दिल्लीतच शिक्षक-प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. पुष्कळांनी येथे शिकावे, थोड्यांनी तेथे जावे, आणि गेलेल्यांनी परतून पुष्कळांना शिकवावे, अशी ही साखळी असावी. जाणारे निवडताना नामांकित शाळांपेक्षा सामान्य सरकारी शाळांतील शिक्षकांना प्राधान्य मिळावे; कारण पैसेवाल्या घरची मुले उद्या स्वतःच तो देश पाहतील, आमच्या इतर मुलांना तो देश फक्त शिक्षकाच्या डोळ्यांतूनच दिसणार आहे.

आपण आईबाप म्हणून काय करू शकता? शाळेत प्रवेश घेताना 'कोणकोणत्या परकीय भाषा आहेत?' एवढेच विचारून थांबू नका. शिकविणारे कोण आहेत, ते कायम आहेत की दर वर्षी बदलतात, त्यांना शेवटचे प्रशिक्षण केव्हा मिळाले, आणि सहावीत घेतलेली भाषा दहावीपर्यंत निश्चित राहील काय, हे विचारा. पालकसभेत शिक्षकाच्या रजेचा विषय निघाला, तर 'मुलांचे नुकसान होईल' असे घाईने म्हणू नका. तीन आठवडे बुडालेल्या तासिका पुढची वीस वर्षे भरून निघतात. आणि घरी मुलाने परक्या भाषेतला एखादा तोडका-मोडका शब्द उच्चारला, तर हसू नका. माझे ते परदेशी सहकारी 'केळे' म्हणताना घामाघूम झाले होते, हे मी पाहिले आहे. दुसऱ्याच्या भाषेत बोबडे बोलण्याचे धैर्य ज्याला आले, तो शिकला. आणि ते धैर्य प्रथम शिक्षकाच्या अंगी यावे लागते.